ए२एनमॉड म्हणतं ‘चालू झालं’, साइट म्हणते ४०४: अपाचेची मॉड्यूलं कमांडवरून चालू-बंद करताना

प्रश्न थोडक्यात असा: उबुंटूच्या सर्व्हरवर अपाचे हा वेबसर्व्हर आणि वर्डप्रेस आहे. ए२एनमॉड ही कमांड रीराइटसाठी (पोस्टचे पत्ते आतल्या फाइलकडे वळवणारं मॉड्यूल) चालवली, मॉड्यूल चालू केल्याचा संदेशही आला, तरी पोस्टच्या लिंकवर ४०४ येतो. शिवाय नको असलेली मॉड्यूलं बंद करायची आहेत. कुठली केलेली चालतात, आणि काही मोडलं तर मागे कसं यायचं?

(कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या, २ हा आकडाच आहे.)

ए२एनमॉड मॉड्यूल चालू करत नाही. ते एक सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) तयार करतं आणि थांबतं. निम्मा गोंधळ या कमांडच्या नावामुळे होतो. डेबियन आणि उबुंटूवर /ईटीसी/अपाचे२ मध्ये मॉड्स-अव्हेलेबल आणि मॉड्स-एनेबल्ड असे दोन फोल्डर असतात. पहिल्यात प्रत्येक मॉड्यूलची .लोड फाइल असते, आणि ज्याला स्वतःची सेटिंग लागते त्याची .कॉन्फ फाइलही. रीराइटची फक्त .लोड आहे, स्टेटस आणि एसएसएलच्या दोन्ही आहेत. अपाचे सुरू होताना दुसऱ्या फोल्डरमधल्या सगळ्या .लोड आधी वाचतो, मग सगळ्या .कॉन्फ. ए२एनमॉड पहिल्या फोल्डरमधल्या फाइलची सिमलिंक दुसऱ्यात टाकतं, ए२डिसमॉड ती काढतं. ए२एनसाइट, ए२डिससाइट, ए२एनकॉन्फ, ए२डिसकॉन्फ हीसुद्धा याच पर्ल स्क्रिप्टची नावं. कुठल्या नावाने हाक मारली ते पाहून ती काय करायचं ते ठरवते.

म्हणजे ‘मॉड्यूल चालू आहे’ या वाक्याचे निदान चार अर्थ होतात. लिंक आहे. अपाचेच्या कॉन्फिगरेशनला ते मान्य आहे. आत्ता मेमरीत चालणाऱ्या प्रोसेसने ते उचललं आहे. आणि त्या मॉड्यूलचे नियम तुमच्या साइटच्या फोल्डरपर्यंत पोचतात. ए२एनमॉडचा संदेश फक्त पहिल्याची ग्वाही देतो. बाकीचे तीन आपणच तपासायचे.

एका मॉड्यूलची चार नावं असतात, तिथेही बरेच जण अडखळतात. कमांडला ‘रीराइट’ लागतं. .लोड फाइलमधल्या लोडमॉड्यूलच्या ओळीत ‘रीराइट_मॉड्यूल’ असतं. त्याच ओळीच्या शेवटी असलेली फाइल ‘मॉड_रीराइट.एसओ’. आणि इफमॉड्यूल (‘हे मॉड्यूल असेल तरच’ अशी अट) याच्या कंसात ‘मॉड_रीराइट.सी’ किंवा ‘रीराइट_मॉड्यूल’. ए२एनमॉडला ‘मॉड_रीराइट’ दिलंत तर असं मॉड्यूलच नाही म्हणून ते हात वर करतं. डेबियनवर ‘कमांड नॉट फाउंड’ आलं तर ती वेगळी गोष्ट: नुसत्या ‘एसयू’ने रूट झालात की /यूएसआर/एसबिन पाथमध्ये येत नाही. ‘एसयू’पुढे एक डॅश द्या, म्हणजे येतो.

नेहमीचा क्रम असा:

सुडो ए२एनमॉड रीराइट
सुडो अपाचे२सीटीएल कॉन्फिगटेस्ट && सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट अपाचे२

दुसऱ्या ओळीत मधे अर्धविराम टाकू नका, दोन ॲम्परसँडच हवेत. रीस्टार्ट आधी चालता सर्व्हर थांबवतो आणि मग नव्याने उठवतो. कॉन्फिगरेशनमध्ये चूक असेल तर थांबलेला सर्व्हर उठतच नाही आणि साइट पडते. ॲम्परसँड असले की चाचणी नापास झाल्यावर गाडी तिथेच थांबते, जुना सर्व्हर चालू राहतो. रीलोडचं वागणं जास्त सोशीक आहे: तो आधी स्वतःच चाचणी घेतो आणि चालू असलेल्या विनंत्या न तोडता नवं कॉन्फिगरेशन उचलतो. गर्दीच्या वेळी रीराइट किंवा हेडर्ससारखं साधं मॉड्यूल रीलोडवर आणायला हरकत नाही. एमपीएम (विनंत्या प्रोसेस आणि थ्रेडमध्ये कशा वाटायच्या ते ठरवणारा भाग) बदलायचा असेल तर मात्र रीस्टार्टशिवाय इलाज नाही, चालत्या प्रोसेसखालून तो बदलता येत नाही.

आता तपासणी. ‘ए२क्वेरी -एम रीराइट’ विचारलं की ते चालू आहे का, आणि ते तुम्ही चालू केलं की एखाद्या पॅकेजने, हेही कळतं. दुसऱ्याच्या हातचा सर्व्हर ताब्यात आला की ही माहिती फार उपयोगी पडते. ‘अपाचे२सीटीएल -एम’ (इथे मोठा एम) पूर्ण यादी देतं, ‘शेअर्ड’ म्हणजे.एसओ फाइलमधून आलेलं, ‘स्टॅटिक’ म्हणजे अपाचेतच भरलेलं. स्टॅटिक मॉड्यूल कमांडने बंद होत नाही. ही यादी मागताना थेट ‘अपाचे२ -मोठा एम’ चालवू नका. एन्व्हव्हार्स फाइलमधली व्हेरिएबल त्याला मिळत नाहीत आणि अपाचे_रन_डिर ठरलेलं नाही अशी तक्रार येते.

पण या यादीची एक मेख अनुभवी माणसालाही चकवते. ती चालत्या सर्व्हरला काहीच विचारत नाही, डिस्कवरच्या फाइली आत्ता वाचून ‘आता सुरू केलं तर काय काय येईल’ एवढं सांगते. लिंक टाकली आणि रीस्टार्ट विसरलात तरी यादीत रीराइट दिसणारच. चालती प्रोसेस काय घेऊन बसली आहे ते कर्नलला विचारायचं. मुख्य प्रोसेसचा क्रमांक /व्हार/रन/अपाचे२/अपाचे२.पीआयडी या फाइलमध्ये असतो. समजा तो १८४२ आला:

सुडो ग्रेप मॉड_रीराइट /प्रोक/१८४२/मॅप्स

चार-पाच ओळी आल्या तर मॉड्यूल मेमरीत आहे. काहीच आलं नाही तर रीस्टार्ट झालेलं नाही, मग यादी काहीही म्हणो.

तुमच्या ४०४ चं मूळ बहुतेक चौथ्या अर्थात आहे. आधी ते पान नीट बघा. पांढऱ्या पानावर नुसतं ‘नॉट फाउंड’ आणि दोन ओळी असतील तर तो अपाचेचा ४०४, म्हणजे विनंती वर्डप्रेसपर्यंत गेलीच नाही. तुमच्या थीमच्या रंगरूपात ‘पान सापडलं नाही’ असं दिसत असेल तर रीराइट व्यवस्थित चाललंय, चूक पर्मालिंकच्या सेटिंगमध्ये शोधा.

पहिला प्रकार असेल तर अपाचे२.कॉन्फ उघडा. डेबियन-उबुंटूवर /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू च्या डिरेक्टरी विभागात ‘अलाउओव्हरराइड नन’ असतं, त्यामुळे साइटच्या फोल्डरमधली, वर्डप्रेसचे नियम असलेली .एचटीॲक्सेस फाइल कुणी उघडूनही बघत नाही. खात्री करण्याची एक जुनी युक्ती आहे: .एचटीॲक्सेसच्या पहिल्या ओळीत काहीतरी अर्थहीन लिहा आणि पान उघडा. ५०० (सर्व्हरमधली चूक) आला तर फाइल वाचली जाते. काहीच फरक पडला नाही तर अपाचे तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. (ती ओळ लगेच काढून टाका.) मग साइटच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये (अपाचेच्या कॉन्फिगरेशनमधला त्या साइटचा विभाग) त्या फोल्डरसाठी ‘अलाउओव्हरराइड फाइलइन्फो’ द्या. वर्डप्रेसच्या स्वतःच्या नियमांना एवढं पुरतं. सुरक्षेची काही प्लगइन त्याच फाइलमध्ये ऑप्शन्स किंवा रिक्वायरच्या ओळी घालतात, तेव्हा ‘नॉट अलाउड हिअर’ असं लिहून ५०० येतो. अशा वेळी त्या-त्या गटाची परवानगी वाढवावी. आंधळेपणाने ‘ऑल’ देण्याची गरज सहसा नसते.

मॉड्यूल नसताना ४०४ च का आला, सरळ ५०० का नाही? वर्डप्रेस आपले नियम ‘इफमॉड्यूल मॉड_रीराइट.सी’च्या आत लिहितो. मॉड्यूल नसेल तर अपाचे तो अख्खा तुकडा मुकाट्याने ओलांडतो. इफमॉड्यूल नसता तर ‘इनव्हॅलिड कमांड रीराइटइंजिन’ अशी स्वच्छ ओळ एरर लॉगमध्ये पडली असती आणि दोन मिनिटांत उलगडा झाला असता. जे मॉड्यूल हवंच आहे त्याच्याभोवती इफमॉड्यूल गुंडाळू नये, असं माझं ठाम मत आहे. सुरक्षेचे हेडर तर कधीच नाही: कुणी हेडर्स मॉड्यूल बंद केलं की ते सगळे गायब होतात आणि कुठेही तक्रार येत नाही. पीएचपीतही हेच होतं. सातव्या आवृत्तीत मॉड्यूलचं नाव मॉड_पीएचपी७.सी होतं, आठव्यात नुसतं मॉड_पीएचपी.सी झालं. जुन्या नावाच्या कंसातल्या पीएचपी_व्हॅल्यूच्या ओळी अपग्रेडनंतर निमूट मेल्या, आणि अपलोडची मर्यादा अचानक २ एमबीवर का आली म्हणून लोक पीएचपी.आयएनआय उलथीपालथी करत बसतात.

कॉन्फिगटेस्टवरही पूर्ण विसंबू नका. ती .एचटीॲक्सेस वाचत नाही, त्यामुळे तिथली चूक पहिली विनंती आल्यावरच दिसते. ती पोर्टही उघडून बघत नाही. एसएसएल चालू केलं की पोर्ट्स.कॉन्फमधला इफमॉड्यूलचा तुकडा जागा होतो आणि अपाचे ४४३ वर ऐकायला जातो. त्याच मशीनवर एनजिनएक्स हा दुसरा वेबसर्व्हर ४४३ धरून बसला असेल तर चाचणी ‘सिंटॅक्स ओके’ म्हणेल आणि रीस्टार्ट ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणून आपटेल. त्यामुळे एसएसएलच्या आधी ‘सुडो एसएस -टीएलएनपी’ मारून ४४३ कुणाकडे आहे ते बघावं.

आता बंद करण्याकडे. कमांड सरळच आहे, ‘सुडो ए२डिसमॉड स्टेटस’. ज्यावर दुसरं मॉड्यूल अवलंबून आहे ते काढायला गेलात तर ती अडवते: प्रॉक्सी_एचटीटीपी चालू असताना प्रॉक्सी निघणार नाही, आधी वरचं काढा असं नाव घेऊन सांगते. हे तिला कळतं ते .लोड फाइलमधल्या ‘डिपेंड्स’च्या ओळीवरून. अपाचेच्या दृष्टीने ती नुसती टिप्पणी आहे, स्क्रिप्ट मात्र ती वाचते. म्हणून हाताने लिंक काढणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.

ऑटोइंडेक्सला हात लावलात तर ती मोठा इशारा देते आणि ‘यस, डू ॲज आय से!’ हे वाक्य जसंच्या तसं टाइप करायला लावते, किंवा -एफ मागते. इशारा भीतीदायक असला तरी ऑटोइंडेक्स बंद करणं बहुतेक साइटसाठी योग्यच आहे. फरक एवढाच पडतो: इंडेक्स फाइल नसलेल्या फोल्डरवर आधी यादी किंवा ४०३ मिळायचा, आता ४०४ मिळतो. खरा धोका डिर या मॉड्यूलमध्ये आहे. फोल्डर मागितल्यावर इंडेक्स फाइल शोधून देणं त्याचं काम. डिर काढलंत आणि ऑटोइंडेक्स ठेवलंत तर मुखपृष्ठाच्या जागी अख्ख्या फोल्डरची यादी जगाला दिसू शकते, कारण /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ला डेबियनवर ऑप्शन्स इंडेक्सेस आधीच दिलेलं असतं. माइम काढलंत तर फाइलींचा प्रकार सांगणारं कुणी उरत नाही, आणि नोस्निफ हेडर (ब्राउझरने फाइलीचा प्रकार स्वतः ताडू नये असं सांगणारं) असलेल्या साइटची सीएसएस ब्राउझर नाकारतो. ऑथझेड_कोरच्या वाटेला जाऊ नका.

बंद करावीत अशी कोणती? तुम्ही वापरत नसाल तर सीजीआय, यूजरडिर, डीएव्ही, इन्फो, ऑटोइंडेक्स. स्टेटस ठेवायचं की नाही हे पुढे काय बसवलंय त्यावर ठरवा. त्याच्या .कॉन्फमध्ये ‘रिक्वायर लोकल’ आहे, पण त्याच मशीनवर पुढे एनजिनएक्स किंवा दुसरा प्रॉक्सी असेल तर अपाचेला प्रत्येक पाहुणा लोकलच वाटतो, आणि सर्व्हर-स्टेटसचं पान, त्यातल्या सगळ्या यूआरएलसकट, कुणालाही दिसतं. ॲक्सेस_कॉम्पॅट जुन्या ऑर्डर-अलाउ-डिनाय नियमांसाठी आहे. काढण्याआधी साइटच्या फोल्डरमध्ये ग्रेप करून ‘ऑर्डर’ शोधा; एखाद्या कोपऱ्यातल्या .एचटीॲक्सेसमध्ये तो राहिला असेल तर तेवढाच भाग ५०० देईल आणि ते महिनाभराने कळेल. मॉड्यूलं काढून साइट वेगवान होईल ही आशा मात्र धरू नका, पाच-सहा काढून जाणवण्याजोगा फरक पडत नाही. फायदा आहे तो बाहेरून हल्ला करायला जागा कमी उरते हा.

सगळ्यात जपून करायचा बदल पीएचपीचा. अपाचेच्या आत चालणाऱ्या पीएचपी मॉड्यूलला एमपीएम_प्रीफोर्क (प्रत्येक विनंतीला वेगळी प्रोसेस देणारा एमपीएम) लागतो, आणि प्रीफोर्कवर एचटीटीपी२ चालत नाही. म्हणून एफपीएमवर (अपाचेबाहेर वेगळ्या प्रोसेसमध्ये चालणारं पीएचपी) जायचं असतं. उबुंटू २४.०४ वर पीएचपी ८.३ आहे असं धरून:

सुडो एपीटी इन्स्टॉल पीएचपी८.३-एफपीएम
सुडो ए२डिसमॉड पीएचपी८.३
सुडो ए२डिसमॉड एमपीएम_प्रीफोर्क
सुडो ए२एनमॉड एमपीएम_इव्हेंट प्रॉक्सी_एफसीजीआय सेटएन्व्हइफ
सुडो ए२एनकॉन्फ पीएचपी८.३-एफपीएम
सुडो अपाचे२सीटीएल कॉन्फिगटेस्ट && सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट अपाचे२

क्रम बदलू नका. पीएचपी आधी न काढता प्रीफोर्क निघत नाही, आणि प्रीफोर्क असताना इव्हेंट येत नाही, दोघांच्या.लोड फाइलमध्ये एकमेकांविरुद्ध ‘कॉन्फ्लिक्ट्स’ लिहिलेलं आहे. प्रीफोर्क काढून इव्हेंट आणण्याआधी रीस्टार्ट केलंत तर ‘नो एमपीएम लोडेड’ म्हणून अपाचे उठणार नाही. त्यात निदान साइट बंद पडते, गुपित फुटत नाही. याहून वाईट म्हणजे शेवटची ए२एनकॉन्फ किंवा प्रॉक्सी_एफसीजीआय राहून जाणं. त्या .कॉन्फमधला मजकूरही इफमॉड्यूलच्या आत आहे, त्यामुळे चाचणी पास होते, सर्व्हर उठतो, आणि .पीएचपी फाइली न चालवता जशाच्या तशा बाहेर जातात. वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग.पीएचपीमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असतो, हे लक्षात घ्या. म्हणून रीस्टार्टनंतर ब्राउझर उघडण्याआधी टर्मिनलवरच ‘कर्ल -एस लोकलहोस्ट/इंडेक्स.पीएचपी’ चालवा. उत्तर ‘<?पीएचपी’ने सुरू झालं तर त्याच क्षणी अपाचे थांबवा, कारण नंतर शोधा.

एफपीएमवर आलात की .एचटीॲक्सेसमधल्या उघड्या पीएचपी_व्हॅल्यूच्या ओळी ५०० देतील. त्या .यूजर.आयएनआय मध्ये हलवा. ही फाइल बदलल्यावर ३०० सेकंदांपर्यंत जुनीच किंमत चालू शकते, तेवढा धीर धरा. उलटी बाजूही आहे: एफपीएम नसलेल्या सर्व्हरवर कुणी सहज ‘एपीटी इन्स्टॉल पीएचपी’ केलं की अपाचेचं पीएचपी मॉड्यूल ओढलं जातं, आणि त्याचं पॅकेज इव्हेंट काढून प्रीफोर्क बसवतं. काल चालणारं एचटीटीपी२ आज बंद पडलं तर पहिला संशय इथेच घ्यावा. सीजीआयही असंच सावलीसारखं बदलतं: इव्हेंट असताना सीजीआय मागितलंत तर कमांड सीजीआयडी बसवते आणि तसं सांगते. नंतर बंद करताना सीजीआयडी हेच नाव द्या.

रेडहॅट, अल्मा, रॉकीवर ए२एनमॉड नसतं. तिथे /ईटीसी/एचटीटीपीडी/कॉन्फ.मॉड्यूल्स.डी मध्ये ००-बेस.कॉन्फ, ००-एमपीएम.कॉन्फ, ००-प्रॉक्सी.कॉन्फ अशा फाइली असतात. बंद करायच्या मॉड्यूलच्या लोडमॉड्यूलपुढे हॅशचं चिन्ह टाका, ओळ पुसू नका. एसएसएलसाठी ‘डीएनएफ इन्स्टॉल मॉड_एसएसएल’. ओपनसुसेवर ए२एनमॉड आहे, पण ते सिमलिंक करत नाही, /ईटीसी/सिसकॉन्फिग/अपाचे२ मधली अपाचे_मॉड्यूल्सची यादी बदलतं. डॉकरमध्ये पीएचपीच्या अपाचे-इमेजला ए२एनमॉड मिळतं, एचटीटीपीडीच्या अधिकृत इमेजला नाही, तिथे एचटीटीपीडी.कॉन्फमधली हॅश काढावी लागते. कुठल्याही इमेजमध्ये हे डॉकरफाइलच्या रनच्या ओळीत लिहा. चालत्या कंटेनरमध्ये शिरून केलेला बदल कंटेनर नव्याने बनला की गेला.

मागे येण्याचं. बदलाआधी ‘अपाचे२सीटीएल -मोठा एम’ची यादी सॉर्ट करून एका फाइलमध्ये ठेवा, नंतर पुन्हा काढून डिफने ताडा. आपण एक काढलं आणि स्क्रिप्टने सोबत दोन आणली, असं झालं असेल तर इथे दिसतं. अपाचे उठत नसेल तर ‘जर्नलसीटीएल -यू अपाचे२’च्या शेवटच्या वीस ओळी वाचा. ‘नॉट कंपॅटिबल विथ धिस व्हर्जन’ आलं तर ते मॉड्यूल दुसऱ्या अपाचेसाठी बनवलेलं आहे; २.४ ला २०१२०२११ हा आकडा लागतो, २००५१११५ दिसला तर ते २.२ च्या काळातलं. त्याला चालू-बंद करून काही उपयोग नाही, नवं पॅकेजच हवं. काढून टाकलेल्या पॅकेजची लटकती लिंक मागे राहिली असेल तर त्याच नावाने ए२डिसमॉड चालवा, ते ती उचलून टाकतं.

मॉड्स-एनेबल्डमधली लिंक चुकून आरएमने उडाली तर काही बिघडत नाही, ए२एनमॉडने परत येते. मॉड्स-अव्हेलेबलमधली मूळ फाइल उडवलीत तर मात्र नुसत्या रीइन्स्टॉलने ती येणार नाही, कारण कॉन्फिगरेशनची फाइल तुम्ही मुद्दाम पुसली असं डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) समजतं. तेव्हा असं सांगावं लागतं:

सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल -ओ डीपीकेजी::ऑप्शन्स::="--फोर्स-कॉन्फमिस" अपाचे२